उधाणाचे दोन फोटो

रोज सकाळी, चहाच्या आधी, बुधाजी घरामागच्या बांधावरून आतल्या अंगाला उतरायचा, तळीच्या पाण्यात करंगळी बुडवायचा आणि जिभेला लावायचा. तोंड मिटून क्षणभर उभा राहायचा. मग परत यायचा आणि दारातूनच बायकोला सांगायचा, "गोडं." तो शब्द ऐकला की वेणू चहा कपात ओतायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती हे बघत होती. आधी सासरा चाखायचा, मग नवरा. देवाला हात जोडतात तशी ही या घरातली रीत असेल, असं तिला वाटायचं.

त्या वर्षी वैशाखात एका सकाळी बुधाजी दारात आला आणि बोललाच नाही. वेणू सांडशीत पातेलं धरून उभी राहिली.

"काय झालं वो?"

"वत चहा," तो म्हणाला. मग खाली बसत, जमिनीकडे बघत म्हणाला, "तळी खारी झाली."

जुनीखार हे त्याचं गाव रोडपालीच्या पुढे आहे, इमारती संपून तिवरं सुरू होतात तिथे. चाळीसेक घरं. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी या घरांच्या उंबऱ्यांहून उंच असतं. मध्ये मातीचा एक बांध आहे, म्हणून घरं उभी आहेत. बांधात एका जागी झडपेची मोरी आहे, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडते आणि आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडते, भरतीला खाडीच्याच दाबाने मिटते. पूर्वी बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की दर घरातून एक माणूस फावडं घेऊन यायचा. त्याला पाळी म्हणत. मग पोरं न्हावा शेव्याला कामाला लागली, ट्रेलर चालवू लागली, शेतांत भाताच्या जागी गवत आलं, आणि पाळी एकट्या बुधाजीकडे राहिली. कोणी ती त्याला दिली नव्हती. सगळे उठून गेल्यावर जो बसलेला असतो त्याच्याकडे जशी राखण येते, तशी ती आली.

दोन वर्षांपूर्वी समोरच्या काठावर कसल्याशा यार्डासाठी भराव पडू लागला. डंपर यायचे, माती ओतायचे, जायचे. खाडी तिकडून अरुंद झाली. जे पाणी पूर्वी समोरच्या तिवरांत ऐसपैस पसरायचं, ते आता इकडच्या बांधाला टेकून उभं राहू लागलं. वरून काही दिसत नव्हतं. बांध होता तसाच होता, त्याच्यावर बकऱ्या चरत होत्या. फक्त तळी खारी झाली होती.

बुधाजी बांधांचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयात गेला. साहेब वाईट माणूस नव्हता. "काका, माझ्याकडे तीन तालुके आणि दोन माणसं," तो म्हणाला. "जागेवर यायला कोणी नाही. फोटो आणा. फोटो असला की फाईल करता येते." बुधाजीने वेणूच्या मोबाइलवर काढलेला फोटो पुढे केला. साहेबाने तो आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला.

"हे काय आहे? म्हैस बसली आहे का?"

म्हणून बुधाजी जास्मीनच्या दुकानात आला.

*

पनवेलला उरण नाक्याजवळ जास्मीनचा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, झेरॉक्स, लग्नाचे अल्बम. दुकान मूळचं तिच्या अब्बांचं, इलियासभाईंचं. काचबिंदूने त्यांची नजर गेली तेव्हापासून ते काउंटरमागच्या खुर्चीत बसून माणसं आवाजावरून ओळखत, आणि कॅमेरा जास्मीनच्या हातात आला. दर रविवारी सकाळी ती नवशिक्यांचा वर्ग घ्यायची. भिंतीवर पाटी होती: कॅमेऱ्याची तोंडओळख, चार रविवार.

पाटीकडे बोट दाखवून बुधाजी म्हणाला, "हे मना शिकव."

जास्मीनला हसू आलं, पण तिने ते दाबलं. त्रेसष्ट-चौसष्टचा माणूस, खांद्यावर पंचा, जाळी विणून विणून जाड झालेली बोटं. "काका, शिकता कशाला? मी येऊन काढून देते ना."

"तू कवा येशील? मना पानी दाखवाचं हाय. पानी त्याच्या टायमाला येतं. तू दुकान सोडून रोज बसशील काय बांधावर?"

खुर्चीतून इलियासभाईंनी मान वळवली. "कोण, बुधाजी? जुनीखारचा? अरे, तुझ्या शादीचे फोटो मीच काढले होते. अख्खा रोल."

"त्यातला येक बी धड नव्हता. सगळ्यांत माजे डोळे मिटलेले."

"डोळे तू मिटलेस, मी काय करणार? बायकोला बघून घाबरला होतास."

"अजून बी घाबरतंय," बुधाजी म्हणाला आणि स्टुलावर बसला.

जास्मीनने कपाटातला जुना डिजिटल कॅमेरा काढला. कोपऱ्यावर चिकटपट्टी होती, पण भिंग स्वच्छ होतं. तिने तारीख आणि वेळ लावून दिली आणि ती प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात उमटेल अशी सोय केली. "ही कधी हलवू नका. पुरावा म्हणून हवे ना फोटो? मग तारीख म्हणजे सही."

वर्गात आणखी पाच जण होते. रील बनवणाऱ्या दोन कॉलेजच्या मुली, केक करून विकणारी रिया, आणि बायकांच्या आग्रहाखातर आलेले दोन नवरे. जास्मीनने फळ्यावर गोल काढून सांगितलं: अॅपर्चर म्हणजे भिंगातलं भोक, ते लहान-मोठं करता येतं. शटर म्हणजे ते किती वेळ उघडं राहतं. दोन्हींतून मिळून जेवढा प्रकाश आत येतो तेवढा फोटो उजळ. मुलींनी मोबाइलवर फळ्याचा फोटो काढून घेतला आणि ऐकायचं थांबवलं. बुधाजी कपाळाला आठ्या घालून बसला होता. वर्ग संपल्यावर तो फळ्याजवळ आला.

"मंजे उघाडी."

"काय?"

त्याने तिला उघाडी सांगितली. "किती उघडायची, आन किती वेळ उघडी ठेवायची. येवढंच ना? जास्त झाली तं शेत बुडतं, कमी झाली तं सुकतं."

"आणि आयएसओ? कमी प्रकाशात वाढवतात तो आकडा?" जास्मीनने मुद्दाम विचारलं.

त्याने विचार केला. "ती मातीची तहान. तहान वाढवली तं थोड्या पान्यात बी भागतं. पन तहानलेली माती नको ते बी पिते." त्याने आदल्या संध्याकाळी काढलेला एक काळपट फोटो कॅमेऱ्यावर मोठा करून दाखवला. अंधाऱ्या भागात पांढरे बारीक दाणे उठले होते. "हे बग. मीठ आलंय."

त्यानंतरच्या प्रत्येक वर्गात जास्मीनने हेच उदाहरण दिलं. अजूनही देते. कोणाचं आहे ते मात्र सांगत नाही.

बटण अर्धं दाबून फोकस धरायचा, मग पूर्ण दाबायचं, हे जमायला इतरांना दोन रविवार लागले. बुधाजीला पहिल्याच दिवशी जमलं. गरीच्या दोरीवर बोट ठेवून खाली मासा लागलाय का हे जसं जोखतात, तसं त्याचं बोट बटणावर थांबायचं. पण सुंदर काही दिसलं की टिपावं, ही गोष्ट त्याच्या गळी उतरली नाही. तिसऱ्या रविवारी सगळे वडाळे तलावावर गेले, तेव्हा मुली ढगांमागे लागल्या आणि बुधाजी तलावाच्या कठड्याचे सांधे टिपत बसला.

"काका, सूर्यास्त काढा की एखादा. गावात छान दिसत असेल."

"त्याचा फोटो कशाला? तो बुडला तं उद्या वर येतो."

*

चार रविवार संपले तरी तो येत राहिला. दोन-तीन दिवसांनी दुकानात डोकावायचा, पंच्यात गुंडाळलेला कॅमेरा काढायचा आणि मागच्या पडद्यावर एकच फोटो दाखवायचा. जास्मीन काम करता करता बघायची. "क्षितिज वाकडं आहे." "हात हलला." "हा बरा आहे, काका, खूप बरा आहे." मग तो कॅमेरा परत गुंडाळायचा, अब्बांजवळ पाच मिनिटं बसायचा, कधी त्यांच्यासाठी चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, ठेवायचा आणि उठायचा.

आषाढात एकदा तो असाच बसला होता. बाहेर तीन दिवस पाऊस ओतत होता.

"येवढं आभाळ फाटलंय," बुधाजी म्हणाला, "आन तळी अजून खारी हाय."

इलियासभाईंचं आयुष्य खाडीच्या गावांतल्या लग्नांत गेलं होतं. पावसाळ्यात तळी गोडच असते, एवढं त्यांना माहीत होतं. पावसाहून जास्त पाणी खालून येत असलं, तरच ती खारी राहील. त्यांनी आपली न दिसणारी नजर आवाजाच्या दिशेने वळवली आणि नेहमीची थट्टा केली नाही.

"घर सोड, बुधाजी," ते म्हणाले.

"घर माजं येकट्याचं हाय काय? चाळीस हायेत."

श्रावणाच्या सुरुवातीला साहेबाने निरोप धाडला: आता फाईल करतो, वैशाखापासूनचे फोटो घेऊन या, आधीचे आणि नंतरचे, म्हणजे फरक दिसेल. बुधाजी थेट दुकानात आला. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, ते जास्मीनला नंतर फार दिवस आठवत राहिलं. तो खूश होता.

तिने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून संगणकात घातलं. पडद्यावर एक फोटो आला. तिने खाली सरकवलं. खाली काही नव्हतं.

"बाकीचे कुठेत, काका?"

"कुठले बाकीचे?"

"अहो, अडीच महिने रोज काढताय ना? वैशाखातले, ज्येष्ठातले?"

"ते व्हय. ते काढून टाकतंय ना रोज सांजच्याला."

जास्मीन खुर्ची वळवून त्याच्याकडे फिरली. "कोणी सांगितलं तुम्हाला पुसायला?"

"सांगायला कशाला पायजे?" बुधाजीला प्रश्नच कळला नव्हता. "कालची घाण जाळ्यात ठेवून आज जाळं टाकतं काय कोनी? झाडायचं, धुवायचं, मंग टाकायचं. दिसाचा जो चांगला तो ठेवला, आन दुसऱ्या दिशी त्याच्याहून चांगला आला तं पयला काढला. तूच बोलायचीस ना, हा बरा, हा त्याच्याहून बरा."

ती बोलली होती. पडद्यावरचा फोटो खरंच सगळ्यांत चांगला होता. आषाढातल्या अष्टमीची सकाळ, पावसाने घेतलेली उसंत, कोवळं ऊन, क्षितिज सरळ. पण अष्टमीला भांग असते, भरतीचं पाणी मरगळलेलं असतं. खाडी बांधापासून लांब, शहाण्यासारखी पडली होती, आणि बांध हिरवागार, भक्कम, शंभर वर्षं टिकेल असा दिसत होता. बुधाजी जसजसा शिकत गेला, तसतसा त्याने एकेक पुरावा पुसला होता आणि शेवटी बांध निरोगी असल्याचा एक सुंदर पुरावा तेवढा राखला होता.

जास्मीनने दोन दिवस खपून पुसलेले फोटो परत आणायचा प्रयत्न केला. तीन मिळाले, तेही अर्धे. वरच्या बाजूला आभाळ, बांधाची कड, एका बकरीचं डोकं. आणि जिथे पाणी असायला हवं तिथून खाली सरळ रेघेत सगळं राखाडी. ते तीन फोटो तिने बुधाजीला दाखवले नाहीत.

साहेबाने अष्टमीचा फोटो पाहिला. "छान आहे," तो म्हणाला, आणि टोमणा म्हणून नाही. "पण काका, यात तर बांध चांगला दिसतो. हे मी वर कसं पाठवू? असं करा. दोन उधाणांचे दोन फोटो. एकाच जागेवरून, तारखेसह. पहिल्यात एवढं, दुसऱ्यात एवढं, असा फरक कळला पाहिजे. मग मी स्वतः घेऊन जातो."

नारळी पौर्णिमा पाच दिवसांवर होती. तिच्यानंतर पंधरा दिवसांनी पिठोरी अमावस्या.

*

जास्मीन स्कूटरवरून जुनीखारला गेली. वेणूने तिच्यापुढे चहा ठेवला आणि नवऱ्यासमोरच तक्रार केली. "ह्यांना सांग गो बाय. रातीला उशाशी घेऊन झोपतात तो कॅमेरा. मी चाळीस वरसं उशाला हाय, कवा येवढं पुसून ठेवलं नाय मना."

"तुज्यात तारीख उमटत नाय," बुधाजी म्हणाला.

मग तिघं बांधावर गेली. चढण्याआधी बुधाजीने चप्पल काढली. जास्मीनने बूट घातले होते. समोरच्या काठावर भराव तिच्या अंदाजाहून खूप पुढे आला होता. त्यावर ट्रेलर रांगेने उभे होते, त्यांची तोंडं गावाकडे. बांधाच्या आतल्या कुशीला एका जागी, गवताच्या मुळांतून, पाणी झिरपत होतं. बुधाजीने तिथे काठी रोवली होती. तिच्यावर वीत-वीत अंतरावर होडीच्या लाल रंगाचे पट्टे ओढले होते.

जास्मीन तिच्या कामात शिरली. काठी दिसली पाहिजे, डावीकडे खाडीचं पाणी, उजवीकडे तळी, मध्ये बांध. दोन्ही पाण्यांची पातळी एकाच चौकटीत आली की बघणाऱ्याला काही सांगावं लागणार नाही. ती मागे सरकली, पुढे आली, पुन्हा मागे सरकली. "इथे," ती म्हणाली. "हीच जागा. तीन खुंट ठोका, तिपाईचे तीन पाय बरोब्बर त्यांच्यावर. उंची हीच. पाणी भरेल ती वेळ. दोन्ही फोटोंत एक बोटभरही जागा हलायला नको, नाहीतर ते म्हणतील कॅमेरा हलला, पाणी नाही."

"हितंच?"

"इथंच. इथून सगळं दिसतं."

बुधाजीने त्या जागी टाच दाबून पाहिली. टाच उचलली तेव्हा खळग्यात पाणी जमलं. जास्मीनचं लक्ष कॅमेऱ्याच्या पडद्याकडे होतं; हे तिला पुढे वेणूकडून कळलं. वेणू मागे उभी होती, तिने खळगा पाहिला आणि नवऱ्याकडे पाहिलं. खाली वाकून त्याने खुंट ठोकायला घेतले.

नारळी पौर्णिमेला दुपारी साडेबाराला पाणी टोकाला गेलं. संध्याकाळी गाव नारळ घेऊन खाडीवर जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बुधाजी कार्ड घेऊन दुकानात आला.

फोटो असा होता की जास्मीनला क्षणभर शिक्षिकेचा अभिमान वाटला. डावीकडे खाडी बांधाच्या ओठाला लागलेली, वीतभर माती तेवढी कोरडी. उजवीकडे काठीच्या बुडाशी अंगठ्याएवढी धार. तारीख, वेळ, सगळं. फक्त तिपाईचा एक पाय रुतला होता म्हणून क्षितिज किंचित कललं होतं. तिने सवयीने ते सरळ केलं, सरळ करताना तिरप्या झालेल्या कडा, तारीख शाबूत ठेवून, चारी बाजूंनी छाटल्या आणि प्रिंट काढून दिला.

साहेबाने प्रिंट पाहिला आणि या वेळी बराच वेळ पाहिला. "एक झाला," तो म्हणाला. "दुसरा आणा."

*

पिठोरी अमावस्येच्या सकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. साहेबाने फाईलसाठी पहिला फोटो मोठ्या आकारात मागितला होता. अकराच्या सुमारास जास्मीनने तो पडद्यावर घेतला. या वेळी मूळचा, न छाटलेला. मोठा करून ती कोपरे तपासत गेली, धूळ-डाग बघावेत तशी.

खालच्या कडेला, तिने छाटून टाकलेल्या पट्टीत, तळीच्या पाण्यावर तीन गोल वर्तुळं होती. पाऊस असता तर अशी वर्तुळं सगळीकडे असती. बाकी तळी सपाट होती. तिन्ही वर्तुळं एका रांगेत होती, आणि रांग काठीकडे जात नव्हती. ती कॅमेऱ्याच्या पायांकडे येत होती.

तिने फोन लावला. तीनदा वाजल्यावर त्याने उचलला. मागे वारा होता.

"काका, तुम्ही कुठे आहात?"

"बांधावर. अजून तासभर हाय पान्याला."

"खाली उतरा. काका, त्या जागेवर उभे राहू नका. काठीच्या इथे नाही, तुमच्या पायाखालून पाणी येतंय. फोटोत दिसतंय. मी कापलं होतं ते, मला दिसलंच नाही."

"हां," तो म्हणाला. "नारळी पुनवेपासून येतंय. चाखलंय मी."

जास्मीनने स्कूटरची चावी उचलली.

"घाबरू नको. सगळ्यांना शाळेत धाडलंय सकाळीच. शाळा उंचावर हाय. बाया वैतागल्या, सनाच्या दिशी चूल सोडून जायला लागलं. वेणू तं बोलत बी नाय माज्याशी."

"मग तुम्ही का नाही गेलात?"

"येक फोटो ऱ्हायला हाय."

"रस्त्यावरून काढा. झूम करा, मी शिकवलंय ना. लांबून काढा."

"जागा हलली तं साहेब मानेल काय?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात उलटा वार नव्हता. वर्गात शंका विचारायचा तसं तो विचारत होता. "तूच बोललीस, बोटभर बी नको."

"मी चुकीचं बोलले. काका, मी आत्ता येते, मी येईपर्यंत—"

"नको येऊ. ट्रेलर आडवे झालेत रोडपालीला, तास मोडंल तुजा."

त्याचं खरं होतं. जास्मीन निघाली, आणि रोडपालीच्या अलीकडे ट्रेलरच्या दोन रांगांमध्ये तिची स्कूटर अडकली. ऊन पांढरं पडलं होतं, सावल्या पायांत आल्या होत्या. तिने बारा वाजलेले पाहिले, साडेबारा वाजलेले पाहिले. मग स्कूटर तिथेच सोडून ती चालत निघाली. वाटेत तिच्या घोट्यांना पाणी लागलं, तेव्हा तिला कळलं.

आवाज झाला नाही, असं सगळे सांगतात. शाळेच्या व्हरांड्यात बायका उभ्या होत्या, त्यांना बांधावर बुधाजी दिसत होता, कॅमेऱ्यामागे वाकलेला. आतलं मांजर निघून गेल्यावर फुगलेली गोधडी बसते, तसा बांध त्या जागी हळूच खाली बसला. वेणूने हाक मारायला तोंड उघडलं तोवर तिथे खाडी होती. मग खाडी आत आली, घाई न करता, एकेका घरात. अकरा घरांत कंबरभर, बाकीच्यांत गुडघाभर. शाळेत होते ते सगळे वाचले.

बुधाजी तिसऱ्या दिवशी तिवरांत सापडला. कॅमेरा सापडला नाही.

बांध फुटला त्याच संध्याकाळी साहेब आला होता, स्वतः. पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यात उभा राहिला आणि मोबाइलवर फोटो काढत राहिला. सत्तर-ऐंशी तरी काढले असतील, सगळ्या बाजूंनी. दहा दिवसांनी बांधावर यंत्रं लागली. फाईलसाठी त्याने पहिल्या फोटोची मूळ प्रत मागितली तेव्हा जास्मीनने ती न छाटता दिली, क्षितिज वाकडं ठेवून. "खालची कड बघा," एवढंच म्हणाली. त्याने पाहिली. त्याला तीन वर्तुळं दिसली की नाही, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

बुधाजी गेला त्यानंतरच्या रविवारी तिने वर्ग घेतला नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढून ती बसली होती. इलियासभाईंनी विचारलं, "फोनवर काही बोलला का? अखेरचं?"

"नाही, अब्बा," ती म्हणाली.

कारण तो जे बोलला ते अखेरचं म्हणून सांगण्यासारखं नव्हतं. ट्रेलरचं सांगून झाल्यावर तो क्षणभर थांबला होता. वाऱ्यात कॅमेरा धरून ठेवत असावा. मग तो घाईत नसलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाला होता:

"आन आयक, तुज्या बापासाठी चिंबोऱ्या ठेवल्यात बादलीत, वेणूकडं. उद्या दुपारपावत ने. जास्त ठेवल्या तं येकमेकींचे पाय तोडतात."